पुन्हा मोज

सुभेदार यहेज्केल वाक्रुळकर.
आम्ही पोरं हसकेलदादा म्हणायचो.
जालन्याला उतरले तेव्हा टांग्यात
एक लोखंडी ट्रंक, रिबकाबाई,
आणि एकाच हाताचा चामडी पंजा.

त्या पंजाला रोज रात्री करडईचं तेल.
बोटानं, हळू,
लेकराच्या टाळूवर जिरवतात तसं.

चव्वेचाळीस साली, आसामात, लेडोच्या रस्त्यावर
एका अमेरिकन ड्रायव्हरनं दिलेला.
त्याचं नाव कधी सोल सांगायचे, कधी सॅम.
मलेरियाचा तंबू. खाटेला खाट.
तापात तो पुटपुटला, "शेमा इस्राएल",
आणि पुढचे शब्द अंधारातून दादांनी जोडले.
"माझं इंग्रजी यस सरपाशी संपायचं,
त्याच्या मराठीचं तर विचारूच नका.
बरे झालो तर बोलायला काही नाही.
मग त्यानं चेंडू फेकला."

जिनिंगच्या मागच्या रानात दादांनी आम्हाला धरलं.
बाभळीची बॅट. सरकी भरलेल्या बारदानाचे तीन बेस,
चौथं घर.
चेंडूत कापूस, त्यावर सुतळी, त्यावर कातडं,
आणि स्टेशनसमोरच्या सटवाजीनं घातलेले
मोजून एकशे आठ टाके.
"जपमाळ हाय का काय ही, सुभेदार?"
दादांनी टाके मोजले. एकशे सहा निघाले.
उसवायला लावलं.

"पळ की रे, काय बघायलास!"
अख्खं मैदान ओलांडून यायचा तो आवाज.

शुक्रवारी सूर्य जिनच्या धुराड्याखाली गेला
की खेळ बंद,
भले आम्ही एका धावेनं मागं असू.
तिकडं रिबकाबाई काचेच्या पेल्यात
पाण्यावर तेल ओतून वात लावायच्या.
शनिवारी दादा लिंबाखाली खुर्ची टाकून नुसते बघत.
पेन्सिल धरत नसत,
पण रविवारी सकाळी
आमच्या सगळ्या चुका तोंडपाठ.

एकाहत्तरचं विचारलं की
डावा कान पुढं करायचे,
ज्यातून ऐकू येत नव्हतं तो.

भाऊ दिमोनाला गेला, मग लेक अश्दोदला.
पत्रं यायची: या आता.
दादांनी उलट टपाली विचारलं,
तिकडं बेसबॉल खेळतात का?
त्याचं उत्तर कुणी दिलं नाही.
रिबकाबाई गेल्यावर पुन्हा पत्रं आली.
पुन्हा तोच प्रश्न.

मोठे झाल्यावर आम्ही या खेळातून
काहीबाही अर्थ काढायला लागलो.
घरून निघायचं, फेरी मारून घरीच यायचं,
म्हणजे दादा, आयुष्यच की!
"म्हणजे," दादा म्हणाले,
"मध्येच उभा राहिलास तर बाद."

शहाण्णवाव्या वर्षी, माघात, झोपेतच गेले.
ठाण्याहून भाचा आला, टोपी सावरत.
कद्दीश म्हणायला आपले दहा पुरुष लागतात, म्हणाला.
त्यानं मोजले.
गुडघे गेलेला मुजीब, पहिल्या बेसचा.
भास्कर गिराम, जो चेंडू सोडून शिव्या झेलायचा.
जोसेफ साळवे. किसन खरात. मी.
संघाला लागतात तेवढे नऊ आम्ही होतो,
पण त्याच्या हिशोबात तो एकटाच.

कुणी वाद घातला नाही.
दादा पंच असते तर हाच निकाल दिला असता;
नियमात त्यांनी सख्ख्या मेव्हण्यालाही सोडलं नव्हतं.
भाच्यानं एक स्तोत्र वाचलं,
कद्दीश ठाण्याला जाऊन म्हणतो म्हणाला.
छावणीच्या जुन्या कब्रस्तानात
आम्ही एकेक मूठ माती टाकली.
किसननं दुसऱ्यांदा टाकली. का, ते सांगितलं नाही.

पंजा माझ्याकडं आलाय, आणि शेवटचा चेंडू.
करडईचं तेल महाग झालंय, तरी लावतो.
नात विचारते, आजोबा, हा एकाच हाताचा का?
दुसरा फेकायला मोकळा लागतो, मी सांगतो.
ती चेंडू मांडीवर घेते,
बोट ठेवत ठेवत टाके मोजते.
एकशे सात.

पुन्हा मोज, मी म्हणतो.