सत्तर चौरस मिलिमीटर

बॅरोमध्ये मार्चातही बोटं वळत नाहीत.
गॅरेजचं शटर अर्धं वर, त्याखालून वारा,
आणि घोड्यांवर चढवलेली माझी मॉरिस मायनर,
इंजिन काढून पोट रिकामं केलेलं,
साफ करून ठेवलेल्या पापलेटासारखी.

बॅटऱ्या बसल्या, मोटर बसली,
आता फक्त केबली, मी म्हणाले,
आणि विल्फ पॉसलथ्वेट हसला
त्या "फक्त"ला.
चाळीस वर्षं पाणबुड्यांच्या आत
तारा ओढलेला माणूस.

केबल अंगठ्याएवढी. आत तांब्याच्या तारा,
केसासारख्या, दोन हजारांवर.
सोलताना सुरी जरा खोल गेली,
चार-पाच तुटल्या.
विल्फ काही बोलला नाही.
बोटभर मागून केबल कापली
आणि सुरी पुन्हा माझ्या हातात दिली.

टोकाला बसवायची ती टोपी.
आपले वायरमन तिला थिंबल म्हणतात, विल्फ लग.
मी म्हटलं, हातोडा मला येतो.
तांबट आळीत वाढले मी,
शाळेची घंटा मला ऐकूच यायची नाही
माठारकामाच्या ठोक्यांत.
बाबा घंगाळ फिरवत राहायचे मांडीशी,
ठोक्याशेजारी ठोका,
आणि तांबं हळूहळू कडक होत जायचं,
बाबांसारखंच.

तर ठोकली. छान दिसली.
दोघांनी दोन्हीकडून ओढली, हलली नाही.
विल्फने करवत मागितली.

मधोमध कापलं त्याने ते माझं काम,
तोंडाला पॉलिश पेपर घासला, भिंग दिलं.
आत तारा गोलच होत्या अजून,
आणि गोलांच्या मधे काळोख, बारीक बारीक.
"इथे तुझी गाडी पेटेल," तो म्हणाला,
हवामान सांगावं तसं.

मग त्याचा पंप, जुना, तेल गळणारा.
साच्यावर सत्तरचा आकडा होता.
विल्फने कॅलिपर लावला, मान हलवली,
धाकटा साचा काढला पेटीतून.
दांडा दाबत गेले.
शेवटचे चार हेलकावे अंगाचं वजन टाकून.
सुटताना एक छोटा टक्.

तोही कापला.
भिंगाखाली तारा नव्हत्याच आता.
एकमेकींना रेटत सहा बाजूंच्या झालेल्या,
मधमाश्यांचं पोळं, मधाला जागा न ठेवलेलं.
मी बराच वेळ बघत बसले.
बाबांनी कधी भांडं कापून पाहिलं नाही.
पाणी भरायचे, रात्रभर ठेवायचे,
सकाळी खालची फरशी हाताने चाचपायचे.

मेमध्ये गाडी निघाली.
वॉल्नीच्या पुलावरून पलीकडे,
समुद्रात पवनचक्क्या, आवाज फक्त टायरचा.
विल्फ शेजारी, मांडीवर चहाचा थर्मास,
अकरा मैल एक शब्द नाही.
थांबलो. मेन स्विच तोडला, बॉनेट उघडलं.
चौदा जोड. एकेकाच्या रबरी बाहीला
हाताची मागची बाजू लावत गेले,
तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तशी.
गार. गार. गार.
तेरा गार.

चौदावा कोमट.
फार नाही. भाकरी काढून घेतल्यावर
तवा राहतो ना, बऱ्याच वेळाने, तितकाच.
चालेल, असं म्हणणार होते मी.
विल्फने चहा अर्ध्यावर ठेवला.
"करवत आणलीस?"