शेऱ्याचा रकाना

भावकाण्णा पाखऱ्यांनी वही दिली, म्हणाले,
"कॉम्प्युटरात घाल जा. माझे डोळे गेले, खरं वही आहे."
चव्वेचाळीस वर्षांतले दोनशे चौदा रक्तदाते,
काही मराठीत, काही कन्नडात,
घाईत लिहिलेले दोन्हींत मिळून,
आडनाव या लिपीत, गाव त्या लिपीत.
रक्तगट तेवढा सगळीकडे इंग्रजी.

वडगावात माझ्या भिंतीला लागून यंत्रमाग.
दिवसभर तो दोनाच्या हिशोबात खटकतो
आणि मी डेन्व्हरच्या कुठल्याशा विमा कंपनीची
बटणं एका ओळीत आणतो.
सहाला माग थांबतो, मी पेटी उघडतो.
साडेसातला अमेरिका जागी होते.
मधला दीड तास माझा म्हणायचा,
तोही हिरेमठ सरांच्या मालकीचा.
"झपताल दहाचा असतो," सर म्हणतात,
"तू नवव्या मात्रेवरच मीटिंगला पळतोस."

एका रविवारी वही भरायला बसलो.
नाव, गाव, गट, फोन, शेवटचं दान कधी.
पाच रकाने. दोन तासांचं काम.
खरं समासात भावकाण्णांचं बारीक अक्षर:

इराप्पा हुंदरे. सुईकडे बघत नाही. म्हशीचं विचारत राहावं.
दस्तगीर मुल्ला. रोजे असले तर दिवस मावळल्यावर.
लॉरेन्स, खानापूर. शेवटची बस चुकते. परत सोडायचं आपण.
बसव्वा कोरी, काकती. फोन सून उचलते. आधी सुनेची चौकशी, मग रक्त.
पायगोंडा, सदलग्याचा. पहिल्यांदा दिलं ते पोर वाचलं नाही.
तरी दर वर्षी येतो. काही बोलू नये.

याला रकाना कुठला?
मी समास सोडला. पाचच भरले.
वही कपाटात, पेटीच्या जुन्या खोळीखाली.

मग ती मंगळवारची रात्र.
डेन्व्हरला नवं काही चालू करायचं होतं, सगळे हजर,
आणि सिव्हिलमधून फोन:
गोकाककडची बाळंतीण, बी निगेटिव्ह, दोन बाटल्या.
माझ्या प्रोग्रॅमनं चार सेकंदांत नऊ जणांना निरोप धाडला.
नऊच्या नऊ पोचले. उत्तर एकाचंही नाही.
पडद्यावर कुणीतरी विचारत होतं, आवाज येतोय का?
मी माझा आवाज बंद केला, वही काढली, काकतीला फोन लावला.
"ऊटा आतेनव्वा?" मी सुनेला विचारलं.
तिची कंबर दुखत होती. कंबरेचं सगळं ऐकलं.
दवाखाना, तेल, नणंद.
मग ती आत वळून ओरडली, "अत्ती!"

बसव्वा पोराच्या गाडीवरून आल्या, केस नीट विंचरून.
"मेसेज आलता की," म्हणाल्या बाटली भरताना,
"खरं मेसेजाचं काय, कोण पण पाठवतंय."
दुसऱ्या बाटलीला लॉरेन्स आला.
त्याला सोडून परत येईतो तीन वाजले.
डेन्व्हरहून एकच ओळ: तू होतास ना?
होतो, असं लिहिलं. खोडलं. परत तेच लिहिलं.

झोप नव्हती म्हणून वही चाळली.
एकसष्टाव्या पानावर, कॉलेजच्या वर्षातली शाई:

पद्मराज चौगुले. ओ पॉझिटिव्ह. वेळ नाही म्हणतो. मग येतो.
पेटी वाजवतो. ऐकून घ्यावी.

सकाळी सहावा रकाना घातला. शेरा.
अक्षरांची मर्यादा काढून टाकली.
दिवसभर डेन्व्हरची बटणं वाकडीच राहिली.

सहाला माग थांबला. पेटी उघडली,
भात्यावर हात ठेवला आणि तसाच उठून
भावकाण्णांना फोन केला. म्हटलं, सगळं घातलंय बघा,
म्हशीसकट.

पलीकडे बराच वेळ खोकला.
"इराप्पाची म्हैस? ती मेली की रे दिवाळीत.
आता नातवाचं विचारायचं.
लिहून घे."