तिसऱ्या मजल्यावरचं तळं

पहिल्यांदा चुकलं ते मातीत.
दुकानातली पिशवीतली माती, हलकी, भुसभुशीत,
पाणी ओतताच सगळी वर आली
आणि टबभर तरंगत राहिली
कॉफीच्या चोथ्यासारखी.
कंद तळाशी उघडा पडला.

म्हणून सांगते, वेइक्को,
माती जड घ्या, चिकट,
बुटाला धरून बसणारी.
मी केमी नदीच्या काठावरून बादलीभर आणली,
जमीन गोठायच्या आदल्या आठवड्यात.
बसच्या ड्रायव्हरने बादलीत डोकावून पाहिलं
आणि तिकीट दिलं. एकच.

टब साल्मन खारवायचा.
व्हिनेगरने तीनदा धुतला,
तरी मांजर कडेला नाक लावून बसतं.

कंद खोल पुरू नका.
झोपलेल्या पोराला पांघरूण घालताना
तोंड उघडं ठेवतो ना,
तसा त्याचा कोंब वर राहू द्या.
त्यावर बोटभर खडे.
पाणी बशीवर ओता, बशीवरून खाली उतरू द्या,
माती बिथरणार नाही अशा बेताने.

पाणी कोमट. चोवीस अंश.
बाहेर उणे सव्वीस असताना
हा आकडा उच्चारायलाही बरा वाटतो.
रात्री बंदरात आइसब्रेकर वाट फोडतो
तेव्हा माझ्या टबात
एक बारीकसं कापरं उठतं.

आणि दिवा. बारा तास.
डिसेंबरातला आपला सूर्य
उशिरा येऊन लवकर घरी जाणारा कारकून,
त्याच्या भरवशावर काही लावू नये.
हो, तोच दिवा,
ज्याचा जांभळा उजेड अंगण ओलांडून
तुमच्या झोपेच्या खोलीत शिरायचा.
तुमची चिठ्ठी मी फ्रीजवर लावली आहे.
अक्षर चांगलं आहे तुमचं.

दुसऱ्या महिन्यात पाणी हिरवं होतं.
घाबरू नका, बदलूही नका.
मी बदललं, आणि महिना वाया घालवला.
पानांनी टब झाकला की शेवाळ उपाशी पडतं,
तोवर थांबायचं.
मी कागदाच्या गिरणीत एकतीस वर्षं काढली,
तरी असं थांबणं मला जमत नव्हतं.

फूल आलं ते एका मंगळवारी.
सकाळी दहाला उघडलं, निळं,
चारच्या सुमारास मिटलं.
असं तीन दिवस.
चौथ्या दिवशी मान खाली घालून पाण्यात गेलं.
मी कुणालाच बोलावलं नव्हतं.
गुरुवारी एकदा दाराची कडी काढली,
परत लावली.

आता हे पान बघा.
देठ जिथे पानाला मिळतो
तिथे, बेंबीवर, एक इवलंसं रोप फुटलंय.
या जातीचं असंच असतं,
पानच बाळंत होतं.

बरणी कोटाच्या आत धरून
अंगणातली चाळीस पावलं मी धावत आले,
या वयात, बर्फावरून,
म्हणून आधी दार लावा.
पान पाण्यावर नुसतं सोडायचं, मुळं धरेपर्यंत.
टब आहे ना तुमच्याकडे?
नसला तर बादली चालेल.
माशाचा वास असला तरी.