मेंढीला दोनच ओळी

हेरफर्डच्या पॅकिंग हाऊसमध्ये रात्रपाळीला
लेबलचं मशीन माझ्याकडे असतं.
गुरांच्या मांसाला तीन ओळी:
जन्म कुठं, वाढ कुठं, कापलं कुठं.
मेंढीला दोनच.
जन्म विचारत नाहीत तिला.
का, ते पहिल्या आठवड्यात डोरोटाला विचारलं;
नियम आहे, म्हणाली, आणि हातमोजे बदलायला गेली.

अण्णांचं दुकान फलटणला, जुन्या स्टँडामागं.
छापील काही नव्हतं.
बोकडाची शेपटी तेवढी शेवटपर्यंत ठेवायचे,
झुपक्यासकट, रस्त्यावरून दिसेल अशी,
मेंढी खपवली म्हणायची कुणाची छाती होऊ नये म्हणून.
बोल्हाईचं लागणाऱ्यांचा आकडा वेगळा.
"कुठल्या बाजारचं, अण्णा?"
"लोणंदच्या. परवाच आणलंय."
गिऱ्हाईक पिशवी पुढं करायचं.
खोटं निघालं असतं तर पुढच्या रविवारी
त्याच ओट्यापुढं तेच तोंड.

काल रिबन अडकली.
दोनशे चाळीस पाकिटं "कापलं:" पाशी थांबली,
पुढं कोरं.
गॅरेथ धावत आला, लाइन बंद केली,
जशी गॅसची गळती झालीय.
मांस तेच. थंड, गुलाबी,
कडेला बोटभर चरबी.
देश नाही, म्हणून विकता येईना.

पहाटे चारपर्यंत नखांनी लेबलं सोलत बसलो
डोरोटा, मी आणि तो नवा पोरगा, योनुत्स.
चिकटा बोटांना, बोटं एकमेकांना.
योनुत्सनं एक कोरं लेबल
स्वतःच्या टोपीवर लावलं, कपाळाच्या बरोबर वर,
आणि कन्व्हेयरला पाठ लावून उभा राहिला.
हसलो आम्ही. डोरोटाला तर ठसका लागला.
मग गॅरेथ वळला, तसं त्यानं ते काढलं.

सकाळी फोनवर अण्णांना सगळं सांगितलं.
बराच वेळ नुसतं हूं हूं.
मग म्हणाले, "आणि कापलं कुणी?"
ते नसतं, म्हटलं. कत्तलखान्याचा नंबर असतो, चार आकडी.
"नंबराशी भांडायचं कसं, बाई?"
हे काही मी गॅरेथला विचारणार नाही.

आज पुन्हा रोल चढवला.
पहिलं लेबल नेहमी वाया जातं, तपासायला.
वाढ: यूके. कापलं: यूके.
खाली कोपऱ्यात तिळाएवढ्या अक्षरांत
पाळी आणि मशीन: एन-सात.
ती मी,
कुणाला भांडायचंच असेल तर.