चाळीस पौंडांचा हात

बाबाला तिघांपुरतं काही करताच येत नाही.
बावीस वर्षं त्याने चाळीस पौंडांच्या मापाने
मीठ टाकलं, लिंबू पिळलं,
कोंबडीच्या मांड्या तव्यावर ढकलल्या
जसा कुणी दारातला बर्फ फावड्याने ढकलतो.
आता गुडघे गेले, गाडी गेली,
फय्यूमच्याच एका पोराला, हप्त्यांवर.
आणि रविवारी आईने विचारलं,
"लोकांना घालायचास ते मला कधी घालणार?"

तो उठला. वही नव्हती. कधीच नव्हती.
मी म्हटलं, तू सांग, मी लिहून घेते.
"धणेपूड," म्हणाला, आणि हवेत मूठ उघडली.
मूठ म्हणजे किती, बाबा?
"मूठ म्हणजे मूठ."
मी चाळिसाने भागत बसले.
मुठीचा चाळिसावा भाग म्हणजे
नखावर मावेल एवढी धूळ.
त्याने ती पाहिली आणि हसला,
"ही कुणाची भूक?"

ओरेगॅनो, लसूण, दही, लिंबू.
रात्रभर मुरायला हवं, पण आईला धीर नव्हता, तासावर भागवलं.
तांदूळ आधी लोण्यात परतायचा
"खडूसारखा पांढरा होईपर्यंत",
मग हळद, जिरं, पाणी.
एवढंच मला नीट कळलं.
पांढऱ्या सॉसचं तो बोलेना.
माझ्याकडे पाठ करून कालवत राहिला.
मेयोनेझ दिसलं, व्हिनेगरची बाटली उपडी झाली,
साखरेच्या डब्याचं झाकण वाजलं.
पोटच्या मुलीपासून काय लपवायचं?
पण सवय. शेजारच्या गाडीवरचा हुसाम
बावीस वर्षं त्या बरणीवर टपून होता.

ओव्हनचा ट्रे उलटा करून दोन बर्नरांवर,
दोन्ही हातांत दोन उलथणी,
आणि ते सुरू झालं: खडखड, खड, खडखड.
धुराचा भोंगा ओरडला, मी त्याला आंघोळीची टोपी घातली.
खालून किरिया स्तामातियाने
केरसुणीच्या दांड्याने छत ठोकलं.
तो थांबेना.

आई ओट्यापलीकडे उभी. हातात पर्स.
पर्स कशाला, कोण जाणे.
नदीपलीकडचा तो कोपरा तिने पाहिलेलाच नाही.
ती दिवसा दुसऱ्यांची मुलं सांभाळायची,
तो रात्री दोनला यायचा
आणि ती त्याला जिन्यातच कोट उतरवायला लावायची,
"आधी तो वास बाहेर ठेव."
आज तो वास पडद्यांत शिरत होता
आणि ती खिडकी उघडत नव्हती.

ताट त्याने बाजूला सारलं. फॉइलचा डबाच हवा.
इकडे भात, तिकडे कोंबडी,
लेट्यूस असंच, फेकल्यासारखं,
पिटाचे चार तुकडे कडेला.
मान खाली. आणि इंग्रजीत, तोंडातल्या तोंडात,
"व्हाइट सॉस? हॉट सॉस?"

आई अरबीत म्हणाली,
"पांढरा भरपूर. लाल,
तुझ्या मनाला येईल तेवढा."

तेव्हा त्याने मान वर केली.

मी कोपऱ्यावर जायचे, सुटे पैसे पोचवायला,
तेव्हा कुणासाठीच तो ती वर करत नसे.
रांगेतल्या माणसांचे त्याला हातच ठाऊक.

आईने उभ्यानेच खाल्लं.
प्लास्टिकच्या काट्याचा एक दात मोडला.
"मीठ जास्त झालंय," म्हणाली,
आणि खात राहिली.

अकरा डबे उरले.
एक मी खाली दिला. किरियाच्या हातात केरसुणी अजून तशीच.
झाकण उचकटून तिने हुंगलं
आणि काही न बोलता दार लावून घेतलं.

वहीच्या पानावर एवढंच आहे:
धणेपूड, मूठ.
तांदूळ, खडूसारखा.