अजून नाही

तुर्भ्याच्या एमआयडीसीत, मसाल्याच्या गोदामावर
आमची एडिटची खोली.
एसीतून हळदीचा वास येतो.
मशीनवर चार भाग आहेत 'सेक्टर शून्य'चे,
आणि सोमवारी अकरा वाजता चॅनेलला एकच पाठवायचाय.

पहिल्यात यान आहे.
पारसिकच्या डोंगरावर तिन्हीसांजेला उतरतं.
निम्मं बजेट त्याच्या पोटात गेलंय,
तरी थांबवून नीट पाहिलं
तर कुकरचं झाकणच.
ऋता कर्णिक म्हणाल्या, हाच पाठवा.
लोक रिमोट हातात धरूनच बसतात,
बारा सेकंद देतात, तेरावा देत नाहीत.

दुसऱ्यात पाठलाग, पाम बीच रोडवर, काचा फुटेपर्यंत.

तिसऱ्यात सगळं समजावून सांगितलंय:
हा जास्तीचा नोड रातोरात कसा उगवला,
कुणी आखला, कोणत्या शतकातून. फळ्यासकट.
लिहिताना दामोदर फार खूश होता.

चौथ्यात काही होत नाही.
हेमांगी, विजेच्या मीटरचं रीडिंग घेणारी,
नेरुळच्या एका इमारतीत जिन्याखाली वाकते
आणि एक मीटर उलटं फिरताना बघते.
वर जाते. बेल दाबते.
दार उघडणारा म्हातारा दोनशे वर्षं पुढचा,
पण बनियनवर. पाणी हवं का विचारतो.
मग बराच वेळ दोघं बिलाबद्दल बोलतात.
उलटं फिरलं म्हणजे तुम्ही माझं देणं लागता का, एवढंच
त्याला जाणून घ्यायचं असतं.

मला हाच हवा होता. का, ते नीट सांगता येईना.
म्हटलं, यान कुणालाही दिसेल,
उलटं मीटर बघायला वाकावं लागतं.
दामोदर म्हणाला, वाक्य बरंय.
चॅनेल वाकत नाही.

शनिवारी रात्री चारही सलग लावले.
रात्रपाळीचे मढवीकाका, कोपरखैरण्याचे,
थर्मास घेऊन वर आले, दारातच थांबले.
यान उतरलं, ते मोबाइल बघत होते.
फळा आला, कप विसळायला गेले.
चौथ्यात म्हातारा म्हणतो, "नंतर इथे मी राहतो,"
तेव्हा काकांनी खुर्ची ओढली.
"आणि आधी कोण राहायचं?"
विचारलं ते पडद्यालाच.
"सात-बारा कुणाच्या नावावर?"

त्यांच्या वडिलांच्या भातशेताला आता सेक्टर नंबर आहे.
साडेबारा टक्क्यांची फाइल ते अजून
प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेतात, आणतात.
दामोदरनं त्यांना कप दिला,
आणि तिसऱ्या भागाची खिडकी स्वतःच बंद केली.

ठरलं. चौथा पहिला.
मग अडचण निघाली अंगठ्याची.

दुसऱ्या भागात हेमांगीला काच लागते,
म्हणून चौथ्यात पट्टी.
म्हातारा विचारतो, "लागलं का?"
ती म्हणते, "परवा. काचेनं."
आता परवा उरलाच नव्हता.
भाग सरकवला तशी जखम पुढे गेली
आणि पट्टी इथेच राहिली, पांढरी, क्लोजअपमध्ये.
कापू म्हटलं तर सीनच जातो.
तीन वाजेपर्यंत आम्ही त्या अंगठ्याकडे बघत बसलो.
दोनशे वर्षांचा हिशोब जुळला होता, दोन दिवसांचा जुळेना.

रविवारी दुपारी आश्लेषा कळव्याहून आली
दोन शब्दांसाठी, रिक्षाचे पैसे मागून.
त्या क्षणी कॅमेरा म्हाताऱ्याच्या तोंडावर आहे,
तिचे ओठ दिसत नाहीत,
तिथे काहीही बसतं.

"लागलं का?"
"अजून नाही."

पहिल्या टेकला तिनं ते गूढ करून म्हटलं.
दुसऱ्याला रडवेलं.
तिसऱ्याला, जेवलीस का विचारल्यावर म्हणावं, तसं.
हेडफोनमधून मला
म्हाताऱ्याचा श्वास नव्यानं ऐकू आला,
जुन्याच टेकमधला, मार्चमध्ये घेतलेला.

फाइलला नाव दिलं: भाग एक.
सोमवारी साडेअकराला ऋताताईंचा मेसेज,
यान कुठाय?

मी लिहिलं, वाटेत आहे.