पाचाची सुई

तिनाची रेघेला. साताची गोल, बारीक भरणीला.
नवाची चपटी, दोन ओळींत सुया,
मोठ्या छायेला: सारवताना हात फिरतो तशी
अर्ध्या अर्ध्या वर्तुळात, टेकवत, उचलत.
जसपाल उस्तादनं हे मला अर्धापूरच्या केळ्यांवर शिकवलं.
रोज डझनभर. रात्री तीच खायची,
शाईची साल उकिरड्यावर.
“रेघ एकदाच जाते,” तो म्हणायचा,
“छाया परत परत येते.
रेघेला श्वास धर, छायेला सोड.”
केळं ओरडत नाही, एवढंच त्यात खोटं.

वजिराबादच्या गल्लीत, कूलर दुरुस्तीच्या वर माझं दुकान.
पोरं येतात. वाघ, त्रिशूळ, आईचं नाव.
मागच्या वर्षीचं एखादं नाव झाकायलाही येतात,
त्यावर गुलाब, नवाच्या चपटीनं.
नाव पाकळीच्या सावलीत बसतं.
कधी बसत नाही, दाढीच्या खुंटासारखं वर येतं.

वैशाखात कोंडाबाई आल्या, कंधारकडच्या,
एकट्याच, हातात पिशवी.
बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत
हिरवट, पसरलेलं, कडा विरलेलं.
पन्नास वर्षांत रेघेची आपोआप छाया झालेली.

“वाच.”
मी वाचलं: धोंडाबाई.
“मपलं नाव कोंडाबाई.”

बचत गटाच्या वर्गात अक्षरं शिकल्या त्या, गेल्या साली.
आधी एस्टीची पाटी वाचली, मग खताचं पोतं,
मग हात.
“माळेगावच्या जत्रंत गोंदलं. तिच्यापाशी तीनच सुया,
दोऱ्यानं बांधलेल्या. तिला तरी कुठं वाचता येत होतं?
कुणाची तरी चिठ्ठी, कुणाच्या तरी हातावर.”

मी म्हटलं, वर पान काढतो, गच्च भरतो,
नवाची आहे, दिसणार नाही काही.
“नगं. असू दे तिला.
माझ्यासंगं खुरपलं तिनं, बाळंतपणं काढली.
कुठंतरी एक धोंडाबाई असंल,
मपलं नाव घेऊन फिरलाली.
तू खाली लिही. मपलं. हे असं.”

वहीचं पान. पेन्सिलीनं, स्वतःच्या हातानं.
शिरोरेषा बांधावरून चालल्यासारखी,
ड खाली घसरलेला, ब चं पोट फुगलेलं.
मी पट्टी घेऊन सरळ करायला बसलो.
“काय करलालास? वाकडं हाय तर वाकडंच काढ.”

त्यांनी बोट दाखवलं तिनाच्या सुईकडं, बारीक म्हणून.
पण त्यांचं कातडं कांद्याच्या वरच्या पापुद्र्यासारखं:
बारीक सुई तिथं चिरते, खोल जाते,
शाई कातडीखाली सांडते, निळी, कायमची.
मी पाचाची घेतली. भिंगाखाली टोकं पाहिली,
एकही आकडा नाही.
डाव्या हातानं कातडं ताणलं, अलगद, फार नाही.

सरळ रेघ हाताला येते.
थरथरलेली रेघ थरथरून काढता येत नाही.
प्रत्येक वळणाला थांबायचं,
तिथं त्यांची पेन्सिल का थांबली असेल
ते मनगटाला कळेपर्यंत.
श्वास कुठं धरायचा हे उस्तादनं सांगितलं नव्हतं.

अनुस्वार राहिला आणि लाईट गेली.
यंत्र मुकं. खालचे कूलरही मुके.
अर्धा तास घामात बसलो.
त्यांनी हात खिडकीशी नेला, अक्षर अक्षर लावून वाचलं,
“को… डा… बाई. कोडाबाई!”
आणि इतक्या हसल्या की पदर तोंडाशी गेला.
“पोरा, माझी पाचची एस्टी हाय.”

मग मी सुई यंत्रातून काढली,
नवे हातमोजे घातले, दांडी चिमटीत धरली,
शाईत बुडवून
टोच, टोच, टोच,
चार-पाच वेळा, एकाच जागी.
“हां,” त्या म्हणाल्या, “असंच दुखलं होतं.”

सुई डब्यात टाकली, झाकण लावलं.
जिन्यात अर्ध्यावरून त्यांनी विचारलं,
कोथिंबीर निवडली तर चालंल का या हातानं?
चालेल, म्हटलं. भांडी नको, तीन दिवस.
“तीन दिवस!” खालून आवाज आला,
“सुनंला तूच सांग बाबा.”